पंचविसावा फोटो

‘प्रचंड गर्दी’ असे लिहिलेला कागद आबा परत करीत. रागावत नसत. समासात पेन्सिलीने एकच शब्द लिहीत : ‘किती?’

जळगावहून निघणाऱ्या एका दैनिकाच्या धुळे कार्यालयाचे ते प्रमुख होते. कार्यालय म्हणजे आग्रा रोडवर सायकलच्या दुकानावरची दीड खोली, दोन टेबले, भिंतीला लावलेला एक बाक आणि एक टेलिफोन. माणसे तीन : आबा, जाहिराती गोळा करणारे एक गृहस्थ आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर बातमीदार म्हणून लागलेला मी. धुळ्यात आबांना नावाने कोणी ओळखत नसे. कलेक्टर कचेरीपासून भाजीबाजारापर्यंत ते आबाच होते. वय पन्नाशीच्या पुढे, अंगात पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेन्सिली. एक लिहायची. दुसरी पहिलीचे टोक मोडले तर.

सभेला गेले की ते व्यासपीठाकडे पाठ करून बसत. भाषण कानांनी ऐकायचे आणि माणसे डोळ्यांनी मोजायची, अशी त्यांनी वाटणी केलेली होती. शहरातली सगळी मैदाने आणि मंगल कार्यालये त्यांनी पावलांनी मोजून वहीत लिहून ठेवली होती. त्यामुळे ‘हजारोंच्या उपस्थितीत’ झालेली सभा आमच्या अंकात ‘सहाशे चाळीस जणांच्या उपस्थितीत’ झालेली असे. त्यांपैकी दोनशे जण सावलीसाठी आले होते, असेही एकदा छापून आले. पक्षाचे कार्यकर्ते भांडायला जिना चढून आले. आबांनी वहीतला नकाशा काढून मैदानातली कडुलिंबाची झाडे कुठे आहेत ते दाखवले.

"ऊन सरकलं तसे हे दोनशे सरकले," ते म्हणाले. "भाषणाकडे तोंड एकाचंही नव्हतं. तुम्ही काय लिहिलं असतं?"

कार्यकर्त्यांनी चहा घेतला आणि ते गेले.

सासऱ्यांच्या अंत्ययात्रेहून परतल्यावर त्यांनी पत्नीला सांगितले, "दोनशे अठरा." त्या बाईंनी डोळे पुसत विचारले, "बायका धरून?" यावरून त्यांच्या लग्नाला किती वर्षे झाली असावीत याचा अंदाज करता येतो.

माझ्या पहिल्याच दिवशी पारोळा रस्त्यावर फागण्याच्या अलीकडे केळीचा ट्रक उलटला. मी सायकलने जाऊन पाहून आलो. आबांनी तीन प्रश्न विचारले. घड कोणत्या बाजूला सांडले? ड्रायव्हर कशावर बसला होता? ट्रकच्या मागे काय लिहिलं होतं? पहिल्या दोहोंची उत्तरे मला देता आली.

"मागे लक्ष गेलं नाही, आबा."

"मग जाऊन ये."

पुन्हा तेवढेच अंतर कापून पोहोचलो तेव्हा ट्रक सरळ करून नेलेला होता. परत येऊन तसे सांगितले.

"आता काय लिहिशील?"

"ट्रकच्या मागे काय लिहिलं होतं ते समजू शकलं नाही."

"हं. हे बरोबर आहे," आबा म्हणाले, आणि त्यांनी ते वाक्य बातमीत ठेवले. जळगावने ते काढून टाकले. आबांना त्याचे दोन दिवस वाईट वाटले.

‘दिसलं ते लिही, वाटलं ते घरी सांग,’ असे ते नव्या माणसाला सांगत. आपल्याला न दिसलेले असे काही घटनास्थळी असू शकते, ही शक्यता मात्र त्यांनी कधी बोलून दाखवली नाही. ती त्यांच्याबाबतीत फारशी खरीही नव्हती. पोलीस स्टेशनचे हवालदार पंचनाम्यात एखादी गोष्ट राहिली की आबांना फोन करीत.

बातमी ट्रंक कॉलने जळगावला जाई. आबा उभे राहून बोलत, डोळे मिटून. आधी डावीकडून उजवीकडे, मग जवळून लांब, असा क्रम ठरलेला. आग लागलेली कापसाची जिनिंग असो की शाळेचे स्नेहसंमेलन, क्रम तोच. पलीकडे एक वयस्क उपसंपादक कानाला फोन लावून लिहून घेत. आबांचे सांगून झाले की ते म्हणत, "दिसलं. ठेवा." हे गृहस्थ धुळ्याला कधीही आलेले नव्हते. पण धुळ्याच्या पाचकंदील चौकात कोणत्या दुकानाशेजारी कोणते दुकान आहे ते त्यांना पाठ होते.

खराखुरा फोटो लागला तर गावातल्या एका स्टुडिओवाल्याला बोलवावे लागे. तो येऊन काढी, धुऊन आणून देई, मग पाकीट जळगावच्या गाडीच्या कंडक्टरकडे सोपवायचे आणि तिकडे स्टँडवर कोणीतरी ते उतरवून घ्यायचे. एवढे होईपर्यंत बातमी छापून झालेली असे. धुळ्याचा फोटो आमच्या दैनिकात नेहमी बातमीनंतर एक दिवसाने येई. आबांना यात काही कमी आहे असे वाटत नव्हते.

एकदा एक मंत्री व्यासपीठावर झोपले. आबांनी ‘मंत्रिमहोदय बावीस मिनिटे झोपले होते’ असे लिहिले. दुसऱ्या दिवशी मंत्र्यांचा माणूस आला.

"पुरावा काय?"

"मी पाहिलं."

"फोटो आहे का तुमच्याकडे?"

"फोटो नाही. बावीस मिनिटं आहेत. अकरा चाळीस ते बारा दोन. कापूस एकाधिकार योजनेचा विषय सुरू झाला तेव्हा झोप लागली आणि टाळ्या झाल्या तेव्हा उघडली. तुम्ही डाव्या बाजूला तिसऱ्या खुर्चीवर होतात. तुम्ही त्यांना उठवलं नाही."

त्या माणसाने खुलासा मागितला नाही.

अशा माणसाकडे मालकांनी कॅमेरा पाठवला.

दशक संपत आले होते. जळगावला नवीन छपाईयंत्र आले होते आणि त्यावर फोटो स्वच्छ उठत. मालक मुंबईहून येताना एक छोटा कॅमेरा घेऊन आले. त्याला काही लावावे-फिरवावे लागत नसे. उजेड कमी असेल तर दिवाही आपोआप लागे. खटका दाबला की झाले. सोबत छत्तीस फोटोंचा एक रोल आणि मालकांच्या हातची चिठ्ठी होती. प्रत्येक बातमीदाराने आता स्वतःच फोटो काढावेत असा विचार चालू आहे. आपण दोन महिने वापरून पाहावे आणि ही वस्तू घेण्यासारखी आहे की नाही ते एका ओळीत कळवावे. आपण म्हणाल तसे दोन्ही जिल्ह्यांत करू.

कॅमेरा मला हवा होता. तसे मी सांगितले.

"निकाल लागू दे," आबा म्हणाले.

त्यांनी वहीत पान आखले आणि तीन नियम लिहिले. पहिला : आधी लिहायचे, मग फोटो काढायचा. दुसरा : जे चाळीस शब्दांत सांगता येते त्याचा फोटो काढायचा नाही. तिसरा : पूर्ण छत्तीस झाल्याशिवाय रोल धुवायला द्यायचा नाही, कारण अर्ध्या चाचणीवरून निकाल देता येत नाही.

दुसऱ्या नियमाने कॅमेऱ्याचे हाल केले. चाळीस शब्दांत आबांना सांगता येत नाही असे धुळे जिल्ह्यात फार थोडे होते. एप्रिलमध्ये गारपीट झाली. आबांनी गार तळहातावर ठेवून पाहिली आणि म्हणाले, "मोसंबीएवढी. एक शब्द." कॅमेरा पुन्हा पिशवीत गेला. जळगावहून उपसंपादकांचा फोन येई, "आबा, मालक विचारतात, फोटो कधी?"

"रोल संपायचा आहे."

"किती झाले?"

"चौदा."

"घाई करा थोडी."

"मी थांबलेलो नाही. घटना थांबल्यात."

मे महिन्यात लग्नसराई होती. एका दुपारी आम्ही दोघे एसटी स्टँडवर गेलो. बातमी दरवर्षीचीच, गर्दीची. आबांनी फलाट क्रमाने मोजले. चार नंबरला शहाद्याची गाडी लागली होती आणि माणसे खिडक्यांतून टोप्या, उपरणी, तान्ह्या मुलांची दुपटी आत टाकून जागा धरत होती. एका नवरदेवाने फेटा टाकला होता. आबांनी तिथेच उभ्याने मजकूर लिहिला, शब्द मोजले आणि खाली पाहत राहिले.

"सेहेचाळीस होताहेत."

"एखादं विशेषण काढा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यात विशेषण नव्हतेच. मग त्यांनी पिशवीतून कॅमेरा काढला, खटका दाबला आणि वहीत नोंद केली : ‘पंचविसावा. स्टँड, फलाट चार, शहादा गाडी, दुपारी बारा वीस. प्रवासी चौसष्ट. पुरुष एक्केचाळीस, स्त्रिया तेवीस. मुले वेगळी.’

तिसऱ्या दिवशी सकाळी एक बाई जिना चढून आली. साठीची, नऊवारी नेसलेली, डोळ्याला ऑपरेशननंतर देतात तो काळा चष्मा. बरोबर तिशीतला मुलगा. पारोळ्याच्या अलीकडच्या एका खेड्यातली माणसे. घरची शेती, कापूस आणि दादर ज्वारी. बाई बाकावर बसली आणि म्हणाली, "पोरेस्ना बाप हारपी गया, भाऊ."

मुलाने पुढचे सांगितले. म्हाताऱ्याची आठवण वर्षभरापासून येऊन-जाऊन होती. आईच्या डोळ्याची पट्टी सोडायला दोघे धुळ्याला आले होते. परतताना स्टँडवर आईने वडिलांना एका खांबाशी उभे केले आणि ती पारोळ्याची गाडी कधी आहे ते विचारायला खिडकीशी गेली. परत आली तेव्हा खांब होता.

पोलिसांत वर्दी दिलेली होती. बाईने पदराच्या गाठीतून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. गावच्या यात्रेत तंबूतल्या स्टुडिओने काढलेला. मागे रंगवलेला राजवाडा, पुढे कोट घातलेला, काळी टोपी तिरकी ठेवलेला, एका हातात छडी धरलेला भारदस्त गृहस्थ.

"अक्का, हे रोज कोट घालतात?" आबांनी विचारले.

"कोट फोटोवालाना शे. टोपी बी त्यानी, काठी बी त्यानी," बाई म्हणाली. "मानूस तेवढा आमना."

फोटो आणि वर्णन दुसऱ्या दिवशी छापून आले. वर्णनात आबांनी धोतर, सदरा, बंडी, डाव्या पायाला जुनी लचक असे सगळे लिहिले होते. पण लोकांनी फोटो पाहिला. चार दिवसांत सहा खबरा आल्या आणि सहाही कोट घातलेल्या माणसांच्या होत्या. भर मे महिन्यात खानदेशात कोट घालून हिंडणारी सहा माणसे होती, हे त्यानिमित्ताने समजले. त्यांपैकी एक बँकेचे निवृत्त अधिकारी होते. त्यांनी आम्हाला पत्र लिहून नापसंती कळवली.

माणूस हरवल्याची वेळ बाईने सांगितली ती दुपारी बाराच्या सुमाराची होती. आबांनी वही काढली.

"त्या दिवशी त्या वेळी मी तिथेच होतो," ते म्हणाले. "एक ते सात सगळे फलाट पाहिलेत. गोंधळलेला, एकटा असा म्हातारा कुठेही नव्हता. असता तर नोंद असती. ते फलाटांकडे गेलेले नाहीत. मागच्या दारातून हायवेला लागले असणार."

ही गोष्ट त्यांनी जितक्या खात्रीने सांगितली तितक्याच खात्रीने सगळ्यांनी ऐकली. पोलिसांनीही. आबांची नोंद चुकल्याचे कोणाला माहीत नव्हते. मुलाने गावातली चार माणसे बोलावून मुंबई-आग्रा हायवे धरला. एकीकडे मालेगावच्या दिशेने ढाबे, दुसरीकडे नरडाण्यापर्यंत गावे आणि स्टेशन. रोज संध्याकाळी तो येऊन काय काय पाहून झाले ते सांगे आणि आबा नकाशावर तेवढा भाग पेन्सिलीने भरून टाकत. नकाशा व्यवस्थित भरत चालला होता.

बाई रोज सकाळच्या गाडीने येई. आबांच्या टेबलासमोरच्या बाकावर बसे आणि संध्याकाळच्या गाडीने जाई. सुरुवातीला सूनबाईने दिलेली भाकरी एकटीच खाई. नंतर जाहिरातवाल्यांनाही देऊ लागली. फोन वाजला की चष्मा कपाळावर सरकवून आबांच्या तोंडाकडे पाही. फोन ठेवल्यावर विचारी, "काही पत्ता लागना का, भाऊ?" आबा म्हणत, "नाही, अक्का." दिवसातून आठ-दहा वेळा हे होई आणि दर वेळी ते पूर्ण वाक्यासारखे म्हणत, मान हलवून भागवत नसत.

आठव्या की नवव्या दिवशी मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "आबा, स्टँडवर आपण फोटो काढलाय. रोल धुऊन एकदा बघायचा का?"

"मी उभा होतो तिथूनच काढलाय ना?"

"हो."

"मग मी पाहिलं तेच त्यात असणार. त्याहून जास्त कुठून येईल?"

रोलवर तेव्हा सव्वीस झाले होते. दहा बाकी होते. मी पुन्हा विषय काढला नाही. काढायला हवा होता.

एकोणिसाव्या दिवशी मालकांचा स्वतःचा फोन आला. दोन महिने संपले होते. आबांनी खणातून कॅमेरा काढून टेबलावर ठेवला, वही उघडली आणि कोणते फोटो झाले याची यादी उतरवून घ्यायला मला सांगितले. बाई बाकावरून पाहत होती.

"हाई काय शे, भाऊ?"

"कॅमेरा."

"एवढास्सा? याम्हा कोनकोना फोटो शेतस?"

कोणी प्रश्न विचारला की आबा पूर्ण उत्तर देत. त्यांनी पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. वाकलेला विजेचा खांब. पांझरेतल्या डबक्यावर पाण्यासाठी लागलेली हंड्यांची रांग. दोन डोकी असलेली काकडी. बाई प्रत्येकाला "बरं" म्हणत होती. पंचविसाव्याला त्यांनी तारीख, वार, वेळ आणि फलाट वाचला.

बाई "बरं" म्हणाली नाही.

"तोच दिन शे," ती म्हणाली.

"हो, अक्का. मी तुम्हाला सांगितलं होतं. मी तिथे होतो. चौसष्ट माणसं होती, मी सगळी पाहिली."

"तुम्ही देखं असीन, भाऊ. खोटं नई." ती उठून टेबलाशी आली. "पन तुम्ही त्याले वळखतस का?"

आबांनी वहीतला आकडा पुन्हा वाचला. जिन्याखाली सायकलवाला चाकाला हवा भरत होता.

"मी वळखस," बाई म्हणाली. "माले देखू द्या."

दहा फोटो शिल्लक असताना आबांनी कॅमेरा उचलला आणि ते स्वतः स्टुडिओत गेले. त्यांना जिना इतक्या वेगाने उतरताना आम्ही पाहिलेले नव्हते. स्टुडिओवाल्याने रोल धुतला, वाळवला आणि त्या एकाच फोटोचा वहीच्या पानाएवढा प्रिंट काढला. तीन तास गेले. तेवढा वेळ आबा आणि ती बाई स्टुडिओच्या पायरीवर शेजारी शेजारी बसून होते.

प्रिंट अजून ओला होता. स्टुडिओवाल्याने भिंग दिले. बाईने ते बाजूला ठेवले, चष्मा काढला, ऑपरेशन झालेला डोळा कागदाजवळ नेला आणि गर्दीवरून सावकाश फिरवला. फेटा टाकणारा नवरदेव मधोमध स्पष्ट आला होता. तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही. डावीकडे, गाडीच्या दाराशी, एक माणूस पायरीवर पाय ठेवून पाठमोरा उभा होता. तोंड दिसत नव्हते. एका हातात कोणाचे तरी गाठोडे होते. दुसरा हात मागे, कमरेवर.

तिने त्या पाठीवर बोट ठेवले.

"हाऊ."

"अक्का, तोंड दिसत नाही," आबा म्हणाले.

"तोंड कसाले पाहिजे?" बाई म्हणाली. "चाळीस वरीस मी मांगेच चालनू."

ज्याचे गाठोडे होते त्या बाईला मदत करायला म्हातारा पुढे झाला असावा आणि गाडीत चढला असावा. तो एकटा नव्हता आणि गोंधळलेलाही दिसत नव्हता. चौसष्टांपैकी एक होता. एक्केचाळीस पुरुषांत धरलेला होता. गाडीची पाटी फोटोच्या बाहेर राहिली होती. ती कुठली होती ते वहीत होते.

मुलगा त्या दिवशी हायवेवरून लवकर परतला होता. मी आणि तो त्याच दुपारच्या गाडीने शहाद्याला निघालो. पोहोचल्यावर शोधायला दहा मिनिटेही लागली नाहीत. स्टँडच्या कँटीनमागे म्हातारा चहाचे ग्लास विसळत बसला होता. अंगात कोणाचा तरी निळा शर्ट होता. कँटीनवाल्याने सांगितले, पहिल्या दिवशी तो बाकावर बसून राहिला, रात्रीही उठला नाही, म्हणून त्यानेच चहा आणि पाव दिला. दुसऱ्या दिवसापासून म्हातारा आपण होऊन ग्लास विसळू लागला. कोणी घरी जायला सांगितले की म्हणे, बायको तिकिटे काढायला गेली आहे, आल्यावर जाऊ.

"पेपर येतो का इथे?" मी विचारले.

"येस ना. रोज वाचतस."

"मग यांचा फोटो पाहिला नाही?"

कँटीनवाल्याने फळीवरून आमचाच अंक काढून आणला. त्यावर भज्यांचे तेल पडले होते. "हाऊ?" तो म्हणाला. "हाऊ तर कोटवाला शेठ. आपला नाना कोठे, नि हाऊ कोठे."

त्या संध्याकाळी, शहाद्याहून माझा फोन गेल्यावर, धुळ्यात आबांनी मालकांना पत्र लिहिले. मला ते दुसऱ्या दिवशी नजरेखालून घालायला मिळाले. एका ओळीत मागितलेले उत्तर सव्वा पान झाले होते. वस्तू घेण्यासारखी आहे, असे पहिल्या वाक्यात होते. मी उभा होतो तिथे दुसऱ्या माणसाला नंतर उभे राहता येते, हे तिचे कारण दिलेले होते. छत्तीस फोटोंचा नियम रद्द करावा. ज्या दिवशी फोटो काढला त्याच दिवशी रोल धुवावा, एक फोटो असला तरी. आणि फोटो काढणाऱ्याने तो एकट्याने पाहू नये. पुढचा परिच्छेद असा होता : ‘हरवलेल्या गृहस्थांचा फोटो एकोणीस दिवस या कार्यालयात होता. ते फलाटाकडे गेले नाहीत असे मी सांगितले. त्यामुळे शोध भलत्याच रस्त्यावर झाला. ही चूक कॅमेऱ्याची नाही.’

मालकांनी पहिले वाक्य वाचून चार कॅमेरे मागवले. बाकीच्या पत्राबद्दल काही कळवले नाही.

शहाद्याहून आम्ही मुक्कामानंतर सकाळच्या गाडीने परतलो. मुलाने वडिलांना सरळ आमच्या कार्यालयात आणले, कारण आई तिथे होती. म्हातारा जिना चढून आला, बायकोला पाहिले आणि विचारले, "निंघनी का गाडी?" "नई आजून," बाई म्हणाली, आणि तिने त्याला बाकावर आपल्या शेजारी बसवले. निळ्या शर्टाबद्दल विचारले. हात उलटेपालटे करून पाहिले. बाकी काही झाले नाही.

आबा टेबलामागे उभे होते. त्यांनी पत्राची नक्कल घेतली आणि तिच्यासमोर येऊन तो परिच्छेद वाचून दाखवला. शेवटचे वाक्य वाचून झाल्यावर कागदाची घडी घातली आणि थांबले. मुलाने मान खाली घातली. त्याने हायवेवर सोळा दिवस पायपीट केली होती.

बाईला सगळे कळले होते की नाही ते सांगता येत नव्हते.

"म्हंजे मी आठे बाकवर बशेल व्हतू," ती म्हणाली, "तव्हय हाऊ बी आठेच व्हता?"

"हो, अक्का." आबांनी टेबलाचा खण ओढून दाखवला. "इथे होते."

तिने वाकून रिकाम्या खणात पाहिले. मग नवऱ्याकडे पाहिले. तो तिच्या पिशवीतून भाकरी काढत होता.

"मंग काय," ती म्हणाली. "आम्ही दोन्हीजन आठेच व्हतूत."